ओला कचरा उदंड, पाला मिळेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातील शेतीविषयी गेले काही दिवस आपल्या पत्रात जी चर्चा चालू आहे, तिच्यात शेतकरी बाजारात भाजी विकता विकता शेजारच्याच टेबलावर ओल्या कचऱ्याच्या बादल्या घेणाऱ्या शेतांचे कौतुक झाले, ते योग्यच आहे. मात्र त्या कौतुकाचे माप दर वेळी एकच असते, ते म्हणजे किती किलो कचरा कचराभूमीत जाण्यापासून वाचला. अशाच एका शेतावर मी चार वर्षे सुटीच्या दिवशी राबतो आणि बाजाराच्या दिवशी बादल्यांच्या टेबलामागे उभा असतो. त्या अनुभवावरून सांगतो, की आमच्याकडे कचऱ्याची वाण कधीच नसते. आम्हाला कमी पडतो तो वाळलेला पाला.

हे ऐकून बाजारात येणारे बहुतेक जण हसतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ओल्या कचऱ्याचे ढीग लावून आम्ही खत करतो, आणि कचरा कुजवणाऱ्या ढिगातल्या जिवाणूंना साधारण २५ ते ३० भाग कार्बनामागे एक भाग नायट्रोजन लागतो. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेसुरले अन्न यांत नायट्रोजन आणि पाणी दोन्ही गरजेपेक्षा जास्त. कार्बनाची भरती करतो तो वाळका पाला, पेंढा किंवा लाकडाचा भुसा. एक बादली ओल्या कचऱ्याला आम्ही दोन ते तीन बादल्या पाला घालतो. तो नसला की ढीग दबून बसतो, आतली हवा संपते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात. मग सुटणारा आंबूस वास शेजाऱ्यांना लगेच कळतो, पण त्याच्यासोबत निघणारा मिथेन कोणालाच कळत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक तापमानवाढ करतो, आणि ओला कचरा कचराभूमीत जाऊ नये असे आपण म्हणतो ते मुख्यतः त्याच्याचमुळे. म्हणजे पाल्यावाचून घेतलेली बादली ही कचराभूमीचा एक तुकडा शेतावर आणून ठेवण्यासारखी असते, आणि वहीतला किलोंचा आकडा मात्र वाढलेला दिसतो.

गेल्या पावसाळ्यात आम्ही हे भोगले. बाजारात बादल्यांची रांग वाढली, ती पाहून आम्हीही हुरळलो आणि साठवलेला पाला दीड महिन्यात संपवून बसलो. ढिगात फावडे घातले तर तळाशी काळा, चिकट लगदा निघाला. बोटभर खोलीवर उबेचा पत्ता नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीतून तक्रार आली. ती रास्तच होती. त्यानंतर तीन आठवडे टेबलावर पाटी लावून लोकांना भरल्या बादल्यांसह परत पाठवावे लागले. त्यांतले काही जण पुन्हा कधी आलेच नाहीत, ही गोष्ट मला वासापेक्षा अधिक लागली.

उबेचा प्रश्न केवळ वासापुरता नाही, कारण याच खतावर वाढलेली पालेभाजी आम्ही त्याच बाजारात विकतो आणि ती अनेकांच्या घरी कच्चीही खाल्ली जाते. कचऱ्यातले रोगजंतू मरायचे तर ढीग पुरेसा तापावा लागतो. सांडपाण्याच्या गाळापासून खत करण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घातलेला दंडक कंपोस्ट करणारी मंडळीही पाळतात : उघड्यावरील लांबट ढीग किमान ५५ अंश सेल्सिअसवर पंधरा दिवस राहिला पाहिजे आणि त्या अवधीत पाच वेळा पालटला गेला पाहिजे. हवा खेळती ठेवणारा पाला नसेल, तर कितीही पालटले तरी तापमापकाचा काटा तिथवर चढत नाही.

बादल्यांच्या टेबलाविषयीही एक खुलासा करतो. कोपऱ्यात पिंप ठेवून द्या, लोक आपसूक टाकतील, असे आम्हाला अनेकदा सुचवले जाते. बेवारस पिंपात काय येते ते आम्ही पाहिले आहे : रबरबँड, फळांवरची चिकटपट्टी, ‘कंपोस्टेबल’ असे छापलेले पेले. त्या पेल्यांना मोठ्या कारखान्यातली सलग उष्णता लागते. आमच्या ढिगातून ते सहा महिन्यांनी जसेच्या तसे चाळणीवर येतात. समोर माणूस उभा असेल, झाकण उघडून पाहत असेल, आणि तोच माणूस हे खत आपल्या वाफ्यात घालणार आहे हे आणणाऱ्याला ठाऊक असेल, तर दुसऱ्या खेपेपासून बादली स्वच्छ येते. न्यूयॉर्कमध्ये १९७६ पासून भरणाऱ्या ‘ग्रीनमार्केट’ या शेतकरी बाजारांत २०११ मध्ये ओला कचरा घेण्यास सुरुवात झाली, तेव्हाही टेबलामागे माणूस उभा करण्यात आला होता. माझ्या मते या उपक्रमाचा खरा कणा हाच आहे. एका लहानशा शेताने शहराचा कचरा संपवावा ही अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याचे हसे करणे होय.

इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे जी खतपद्धती बसवली, तिच्यात ढिगाचा मोठा हिस्सा वनस्पतींच्या अवशेषांचा होता आणि शेण त्या मानाने थोडे होते. शंभर वर्षांपूर्वी जे कळले होते, त्याचा आज विसर पडलेला दिसतो. रस्त्याकडेचा आणि उद्यानांतला पाला एक तर पेटवला जातो, नाही तर प्लास्टिक आणि मातीसकट झाडून त्याच कचराभूमीकडे रवाना होतो. शेताला बादल्या वाढवण्याचे उद्दिष्ट देण्याआधी नगर प्रशासनाने एवढेच करावे, की उद्यानांतला पाला रस्त्यावरच्या केरात न मिसळता वेगळा भरावा आणि त्याची गाडी आठवड्यातून एकदा शेतावर रिकामी करावी. रस्त्याचा पाला आम्ही मागत नाही, कारण त्यात वाहनांचे तेल आणि काचा येतात. पाला साठवण्यासाठी जाळीचे तीन कप्पे आम्ही स्वखर्चाने उभारू. मात्र पुढची पानगळ सुरू होण्याआधी त्यांची जागा ठरली पाहिजे.

आपला,
शेतकरी बाजारातील एक स्वयंसेवक