काकांच्या धाकटीला कॅम्पला येऊ द्या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की रेंज जाते, आणि बाबा, तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. डोळ्याचं ऑपरेशन होईस्तोवर आईकडून वाचून घ्या. पत्र शेजारच्या काकांना दाखवू नका, पण त्यातलं त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. का, ते पुढं येईल.

काकांच्या धाकटीला मला एनसीसीच्या, म्हणजे कॉलेजातल्या लष्करी शिक्षणाच्या, दहा दिवसांच्या कॅम्पला न्यायचंय. त्यावरून परवा काकांचा फोन आला. "मास्तर, पोरगीले दहा दिवस कॅम्पले नेता, मंग वेचनी कोन करन? अन् लोकं काय म्हनतीन?" मागोमाग तुमचाही निरोप, की ओळख असेल तर तिला पोलिसात चिकटवून दे, नाहीतर दुसऱ्याच्या पोरीच्या भानगडीत पडू नको.

बाबा, ओळखीनं चिकटवायचं हे काम नाही. आपल्याकडं आर्मी म्हटली की भरती: पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरं, सोळाशे मीटर, छाती फुगवून मोजमाप. त्यात कमीपणा काहीच नाही. पण त्या रांगेत बीए-बीएस्सी झालेली पोरंही उभी असतात, आणि त्यांना घरात, गावात कुणी सांगितलेलंच नसतं की तुम्ही अधिकारी व्हायलाही अर्ज करू शकता. मी संध्याकाळी एनसीसीच्या पोरांसोबत मैदानावर असतो तो एवढ्यासाठीच. आई म्हणते, पगार तोच, मग उन्हात मरतो कशाला? तिला काय सांगू!

तुम्ही स्वतः एनसीसीत होता, पण ती सक्तीची. चीनच्या युद्धानंतर १९६३ मध्ये कॉलेजात सर्वांना लावली, १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक केली. त्यामुळे तुम्हाला आठवतात ते फक्त चावणारे बूट आणि परेडनंतरचा नाश्ता. आता पोरं आपणहून येतात, आणि आम्हा प्राध्यापकांनाही आधी कामठीच्या अकादमीत जाऊन शिकावं लागतं. ढेरी सुटलेले आम्ही मास्तर तिथं पहाटे कसे पळत होतो, ते तुम्ही पाहिलं नाही हे बरंच झालं.

तर काकांच्या धाकटीचं. एनसीसीच्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेचं बी सर्टिफिकेट तिच्या हातात आहे. यंदा तिसरं वर्ष, सी सर्टिफिकेटचं. त्याला परेडची ७५ टक्के हजेरी लागते आणि कॅम्प लागतोच, त्यात सूट नाही. सी मध्ये किमान बी ग्रेड आणि पदवीला ५० टक्के असले की एनसीसी स्पेशल एंट्रीला, म्हणजे एनसीसीवाल्यांच्या थेट अधिकारी भरतीला, अर्ज करता येतो. तिथं लेखी परीक्षा नाही, सरळ एसएसबीची, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाची, मुलाखत. पास झाली, मेडिकल निघालं, मेरिटमध्ये नाव आलं, की चेन्नईच्या अकादमीत ४९ आठवडे. मुली तिथं १९९२ पासून शिकताहेत. प्रशिक्षणात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो आणि बाहेर पडते ती लेफ्टनंट होऊन. हा आकडा काकांना दोनदा सांगा.

आणि एक अट आहे: उमेदवार अविवाहित हवा. काका दिवाळीनंतर पाहुणे बोलावणार आहेत, असं ऐकतो. तेवढं वर्षभर थांबवा.

एसएसबी पाच दिवसांची असते. पहिल्याच दिवशी पुष्कळ जण गळतात, हे मी पोरांपासून लपवत नाही. एकेक शब्द दाखवतात आणि पंधरा सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. आमची पोरं गाइडमधून वाक्यं पाठ करतात: देश आला की त्याग, आई आली की माया. मी ती वही काढूनच घेतो. पाठ केलेलं तिथल्या माणसांना लगेच कळतं.

खरी गंमत मैदानावरच्या टास्कची. आम्ही कॉलेजच्या मागं विटा मांडल्या, काहींना गेरू फासला. गेरूला हात-पाय काहीच लागायला नको, अन् एक फळी, एक बल्ली आणि दोर घेऊन सगळ्या गटानं पलीकडं जायचं. दोन उंच पोट्टे अर्धा तास एकमेकांवर ओरडत होते. फळी तिकडच्या विटेपर्यंत पोचतच नव्हती. काकांची धाकटी आली, फळी आपल्या बाजूनं हातभर मागं ओढली, तिच्यावर स्वतः बसली आणि सगळ्यात हलक्या पोराला म्हणाली, "तू टोकावर जाय, तिकडून दोर बांध. मी उठत नाही." तो गेला, दोर बांधला, मग बाकीचे गेले. ती सगळ्यात शेवटी गेली. बाबा, अधिकाऱ्यात शोधतात ते हेच. मोठा आवाज असलेल्यांची तिथं काही कमतरता नसते.

नकाशा वाचायलाही ती सगळ्यांत पुढं. लहानपणापासून धुऱ्यावरून वावर ओळखणाऱ्या पोरीला त्या रेषांचं काय अवघड?

इंग्रजीचं मात्र अवघड आहे. बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो तिचा. रोज थोडं बोलून घेतो, होईल. नाहीच निवड झाली तरी पुन्हा अर्ज करता येतो, आणि एनसीसी केली म्हणून फौजेत जायचं बंधन कुणावर नाही.

आता लोक काय म्हणतील त्याचं. कॅम्पात मुलींची राहायची सोय वेगळी असते, सोबत बाई इन्स्ट्रक्टर असतात. काकूंना हवं तर कॅम्पाच्या जागी एकदा येऊन बघू द्या.

राहिली वेचणी. दहा दिवस तिच्या जागी एक बाई लावा, मजुरी मी पाठवतो. पण ती तुमच्याकडून म्हणून द्या. माझे पैसे म्हटलं की काका मनाला लावून घेतील आणि पोरीलाच घरी बसवतील.

संमतीपत्र सोबत जोडलंय. शनिवारपर्यंत काकांची सही घ्या, मी रविवारच्या एसटीनं येतो. आईच्या गुडघ्याचं तेल आणि तुमचे डोळ्याचे थेंब घेऊन येईन. पोळ्याला आलो नाही याचा राग धरला असेल तर तोही तेव्हाच काढून टाका.

तुमचा धाकटा