प्लेटलेट्स वाढवायच्या इंजेक्शननंतर लसींचं काय?

संपादक महोदय, स.न.

मुलाच्या प्लेटलेट्स कमी झाल्या की आपल्याकडे एकच नाव येतं, डेंगी. माझ्या सव्वा वर्षाच्या भाच्याच्या पोटऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठले, हिरडीतून रक्त यायला लागलं, रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स 9 हजार, आणि अख्खी बिल्डिंग पपईच्या पानांचा रस घेऊन हजर! निघाला आयटीपी (इम्यून थ्रोम्बोसायटोपेनिया). यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सवर अँटीबॉडी चिकटवतं आणि मग प्लीहेतल्या पेशी त्या गिळतात, म्हणजे इम्युनिटी कमी पडलेली नसते तर नको तिथे लागलेली असते, त्यामुळे ती 'वाढवायला' च्यवनप्राश चाटवण्यात काही अर्थ नाही.

बहुतेक मुलं काही महिन्यांत आपोआप बरी होतात, रक्तस्राव नसेल तर डॉक्टर नुसतं लक्षही ठेवतात. याला मात्र आयव्हीआयजी हे शिरेतून द्यायचं इंजेक्शन दिलं. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेल्या अँटीबॉडी असतात त्या, 1981 साली स्वित्झर्लंडच्या पॉल इम्बाख यांनी आयटीपीच्या मुलांमध्ये त्याचा गुण दाखवला. प्लेटलेट्स दोन दिवसांत वर आल्या, घरात पेढे वाटले.

पण पुढे 16 महिन्यांचा झाल्यावर आशाताईंचा निरोप आला, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय. डिस्चार्ज कार्डावर यावर एक अक्षर नाही. बहिणीने फोन करून विचारलं तेव्हा कळलं की दात्यांच्या अँटीबॉडीत गोवराच्याही असतात, त्या लसीतला विषाणू वाढू देत नाहीत आणि लस फुकट जाते, म्हणून डोसप्रमाणे 8 ते 11 महिने थांबायचं. पोलिओचे थेंब, डीपीटी यांचं काही अडत नाही. आता हे आईबापांनी विचारलं तरच सांगायचं का?

रिटक्सिमॅबच्या बाबतीत तर हे जास्तच महत्त्वाचं. हे मूळचं लिम्फोमाचं (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचं) औषध, आजार हटत नसला की काही मुलांना देतात. ते अँटीबॉडी बनवणाऱ्या वंशातल्या बी पेशीच साफ करतं, सहा महिने, वर्षभरसुद्धा. पूर्ण तयार झालेल्या, अँटीबॉडी सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशी वाचतात म्हणून जुन्या अँटीबॉडी लगेच संपत नाहीत, पण त्या काळात नवीन लस दिली तर ती नीट लागत नाही, जिवंत लसी (ज्यात कमजोर केलेला जिवंत जंतू असतो) तर द्यायच्याच नाहीत, इथे पोलिओचे थेंबही आले. काही मुलांत इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे अँटीबॉडींची, पातळी वर्षानुवर्षं कमी राहते आणि सारखी इन्फेक्शन होतात. शिवाय दबलेला हिपॅटायटिस बी या औषधाने उसळू शकतो. म्हणून आधी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि नंतर अधूनमधून ही पातळी बघणं, दोन्ही हवं.

औषधं वाईट आहेत असं मुळीच म्हणायचं नाही, भाचा त्यामुळेच आज घरभर धावतोय. मागणी एवढीच की डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि कुठली लस कधीपर्यंत थांबवायची हे मराठीत लिहून द्या, आणि तीच नोंद लसीकरणाच्या कार्डावरही करा, कारण आशाताई तेच कार्ड बघतात.

- एक मावशी, मिरज