गुण वाढतात, परवाने वाढत नाहीत

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

सोडतीत वर्षानुवर्षे नंबर न लागणाऱ्यांना पुढच्या वेळी जादा गुण द्यावेत, अशी मागणी घरांच्या सोडतीच्या निमित्ताने आपल्याकडे ऐकू येते आणि ती वरवर पाहता अगदी रास्त वाटते. मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात राहते. येथे शिकारीच्या परवान्यांसाठी ही पद्धत कित्येक वर्षे रूढ आहे आणि तिचे परिणाम आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचलेले आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि तेथील परिस्थितीत ती आवश्यकच आहे. येथे मात्र वन्यप्राणी ही राज्यातील जनतेची सामाईक मालमत्ता मानली जाते, आणि कळपांची स्थिती पाहून कोणत्या विभागात किती परवाने द्यायचे हे राज्याचे वन्यजीव खाते दरवर्षी ठरवते. अर्ज त्याहून जास्त आले, की परवाना (येथील बोलीत ‘टॅग’) कोणाला द्यायचा हा प्रश्न उभा राहतो.

शेजारच्या न्यू मेक्सिको राज्याने त्याचे उत्तर साध्या सोडतीत शोधले आहे. तेथे गुण नाहीत. पहिल्यांदा अर्ज करणारा आणि तीस वर्षे अर्ज करणारा यांची शक्यता सारखीच असते. कोलोरॅडोत हरीण किंवा एल्क (हरणाची एक मोठी जात) यांसाठी केलेल्या अर्जातील पहिली पसंती हुकली की एक प्राधान्य गुण मिळतो, ज्याचे गुण जास्त त्याला परवाना आधी मिळतो, आणि पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला की गुण पुन्हा शून्यावर येतात. यंदा शिकारीला जायचेच नसेल, तर पहिल्या पसंतीच्या रकान्यात एल्कसाठी ‘ई-पी-999-99-पी’ हा सांकेतिक क्रमांक भरायचा, म्हणजे परवान्याच्या स्पर्धेत न उतरताही गुण पदरात पडतो. या एका रकान्यामुळे रांगेची खरी लांबी कोणालाच दिसत नाही, कारण आज न दिसणारी ही माणसे आपापले गुण घेऊन कोणत्याही वर्षी, कोणत्याही विभागात अर्ज करू शकतात.

माझा मुख्य आक्षेप हिशेबाचा आहे. समजा, एका विभागात दरवर्षी 20 परवाने निघतात आणि रांगेत 600 जण आहेत. आज सामील होणाऱ्याचा नंबर तीस वर्षांनी लागेल. पण दरवर्षी 40 नवे लोक येत असतील, तर रांग दरवर्षी 20 जणांनी लांबते, आणि दहा वर्षांनी येणाऱ्याला चाळीस वर्षे थांबावे लागते. गुण वाटल्याने परवाना एकही वाढत नाही. नव्या माणसाच्या वाट्याची शक्यता काढून जुन्याला दिली जाते, एवढेच होते. वायव्य कोलोरॅडोतील 201 क्रमांकाच्या विभागासारख्या नावाजलेल्या ठिकाणी नर एल्कच्या परवान्याला वीसहून अधिक गुण लागतात. पन्नाशीत पहिला अर्ज करणाऱ्याने तेथे किती आशा धरावी?

जेथे दोन-चार वर्षांत प्रत्येकाचा नंबर लागतो, तेथे गुणांची पद्धत चांगली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. तेथे माणसाला आपली पाळी कधी येणार हे कळते, रजा आधी मागता येते, आणि नशिबाचा तडाखा एकाच माणसाला पुन्हापुन्हा बसत नाही. पण रांग माणसाच्या शिकारीच्या वयापेक्षा लांब झाली, की शेवटच्या माणसाला ‘पाळी येईल’ असे सांगणे खोटे ठरते.

आमच्या मुलीला बारा वर्षे पूर्ण झाल्यावर तिने वडिलांबरोबर अर्ज करायचे ठरवले, तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. एकत्र अर्ज केला तर गटातील सर्वांत कमी गुण असलेल्याचेच गुण धरले जातात. वडिलांनी इतक्या वर्षांत साठवलेले गुण तिच्या शून्यापुढे निरुपयोगी ठरले. ज्या राज्यात वडिलांच्या मागे चालत मुले हे काम शिकतात, तेथे वडिलांनी मुलीला बरोबर घ्यावे की आपले गुण वापरावेत, अशी निवड नियमानेच करायला लावावी, हे मला अजूनही पटत नाही.

यात पैशाचाही भाग आहे. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातील प्रौढ अर्जदाराला एल्कचा एक गुण 52 डॉलरना विकत घ्यावा लागतो. वीस वर्षांत त्या दराने 1,040 डॉलर होतात आणि हाती परवाना नसतो. खात्याचा खर्च अशा रकमांवर चालू लागला, की रांग लांबलेली खात्याच्या सोयीची ठरते.

सोडतीचे समर्थक म्हणून आपल्या बाजूची उणीव झाकण्याचे कारण नाही. दहात एक शक्यता असेल, तर वीस वर्षांत एकदाही नाव न लागणारे शंभरात सुमारे बारा जण निघतात, आणि त्यांचे दुःख खरे आहे. पण शंभरात एकच शक्यता असेल, तर तीस वर्षांत शंभरातले सुमारे 74 जण रिकाम्या हातानेच राहणार. तेथे कोणतीही पद्धत सर्वांना परवाना देऊ शकत नाही. सोडत निदान पहिल्या दिवसापासून प्रत्येकाला समान संधी देते. शिवाय ज्याला लाभ झाला त्याला काही वर्षे अर्ज करू न देणे हा साधा उपाय तिला जोडता येतो. आणखी एक उपाय आयडाहो राज्यात दिसतो: तेथे गुण नाहीत, पण मूस (हरणाच्या कुळातील प्रचंड प्राणी), रानमेंढी किंवा पहाडी बकरा यांच्या सोडतीत उतरणाऱ्याला सामान्यतः त्या वर्षी हरीण आणि एल्कच्या सोडतीतून बाहेर राहावे लागते, त्यामुळे ज्यांना खरोखरच ती शिकार हवी आहे तेच अर्ज करतात आणि प्रत्येकाची शक्यता वाढते. नेवाडा राज्याचा मध्यममार्ग मला फारसा पटत नाही: तेथे गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळवतात, म्हणजे दहा गुणवाल्याच्या 101 चिठ्ठ्या आणि नवख्याची एक. नाव सोडतीचे असले, तरी कल रांगेकडेच झुकतो.

अडचण आहे ती आधीच रांगेत असलेल्यांची. राज्याच्या शब्दावर विसंबून ज्यांनी वीस-पंचवीस वर्षे गुण जमवले, त्यांचे गुण एका रात्रीत रद्द करणे अन्यायाचे होईल. आजवर कोलोरॅडोत ज्या परवान्यांना दहा किंवा अधिक गुण लागत, त्यांपैकी फार तर 20 टक्के सोडतीसाठी राखले जात, आणि तीही किमान पाच गुण असणाऱ्यांसाठीच. 2028 पासून गुणांच्या रांगेला निम्मेच परवाने राहणार आहेत, याचे मी मनापासून स्वागत करते. मात्र जेथे प्रतीक्षा वीस वर्षांच्या पुढे गेली आहे, तेथे राज्याने तेवढ्यावर थांबू नये. जुने गुण कोणत्या वर्षापर्यंत चालतील ते आताच जाहीर करावे, त्या मुदतीपर्यंत सोडतीचा वाटा टप्प्याटप्प्याने पूर्ण शंभर टक्क्यांवर न्यावा, आणि नव्या अर्जदारांना अशा विभागांसाठी गुण देणे आजच थांबवावे.

आपली,
एक वाचक
डेन्व्हर, कोलोरॅडो