सारायेव्होचे घड्याळ बंद नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीत बोस्नियाची राजधानी सारायेव्होवरच्या लेखासोबत तिथल्या घंटाघराचे छायाचित्र होते आणि खाली 'बंद पडलेले जुने घड्याळ' अशी ओळ. ही ओळ दुरुस्त व्हायला हवी. ते घड्याळ चालू आहे आणि वेळही बरोबर दाखवते. फक्त त्याचा दिवस मध्यरात्री नाही, सूर्यास्ताला उजाडतो.

सूर्य मावळला की त्यात बारा वाजतात आणि तिथून नवा दिवस मोजला जातो. जूनअखेर सारायेव्होत सूर्यास्त साधारण रात्री साडेआठला होतो (तेव्हा तिथे उन्हाळी वेळ लागू असते). म्हणून भर दुपारी बाराला घंटाघरात साडेतीन दिसतात. डिसेंबरात सूर्यास्त चार वाजून दहा मिनिटांचा. तेव्हा त्याच दुपारी सात पन्नास. पर्यटकाने हिशोब असा करावा: आदल्या संध्याकाळची सूर्यास्ताची वेळ घ्यावी, तीत घंटाघराची वेळ मिळवावी, बेरीज बाराच्या वर गेली तर बारा वजा करावेत. मनगटावरची वेळ निघते.

खरी कसरत घड्याळ लावणाऱ्याची आहे. यंत्र चोवीस तास इमानाने चालते, पण सूर्यास्त रोज सरकतो. मार्चमध्ये आठवड्याला आठ-नऊ मिनिटे पुढे जातो, म्हणून काटे तेवढे मागे घ्यावे लागतात. सप्टेंबरात तो बारा-तेरा मिनिटांनी अलीकडे येतो, म्हणून काटे पुढे ढकलायचे. दोन्ही ऋतूंत फरक सारखा नसतो, कारण त्या दिवसांत सूर्याचे माध्यान्हही रोज थोडे अलीकडे येत असते. वसंतात त्याने वेग घटतो, शरदात वाढतो. जून आणि डिसेंबर या दोन महिन्यांत मात्र फारसे हात लावावे लागत नाहीत. हे काम करणाऱ्याला 'मुवेकित' म्हणतात. ७६ पायऱ्या चढून तो वर जातो आणि कोष्टकावरून काटे जुळवतो. नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवून चालत नाही, कारण शहर डोंगरांच्या मधोमध आहे; गणिताचा सूर्यास्त व्हायच्या आधीच सूर्य कड्याआड जातो.

घंटाघर गाझी हुस्रेव-बेग मशिदीला लागून आहे. मशीद १५३१ ची, मुवेकितांची कचेरी १८५९ ची. सध्याचे यंत्र लंडनच्या जिलेट अँड ब्लँड कंपनीचे. १८७० च्या दशकात सारायेव्होच्या व्यापाऱ्यांनी ते आणवले. विलायती यंत्राला उस्मानी (ऑटोमन तुर्की) पद्धतीची वेळ लावून ठेवली, हे मला फार मोलाचे वाटते. गाइड सर्रास त्याला 'चांद्र घड्याळ' म्हणतात, तेही तितकेसे खरे नाही. इस्लामी महिने चंद्राचे, पण या काट्यांचे बारा सूर्यास्ताचे.

आपल्याला यात नवल वाटू नये. पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो आणि घटिका तिथूनच मोजतात. आपल्याकडच्या मुसलमान घरांत ईदची तारीख चाँदरातीच्या संध्याकाळीच लागते. पद्धत तीच, सारायेव्होने ती शहराच्या मधोमध चार तबकड्यांवर टांगली आहे.

जाणाऱ्यांनी 'सराची' नावाच्या रस्त्यावरून संध्याकाळी वर पाहावे. रमजानात तर पिवळ्या बुरुजावरून सूर्यास्ताला तोफ उडते, मिनारांवर दिवे लागतात आणि खाली मोहल्ल्यातल्या भट्ट्यांवर कलौंजी पेरलेल्या गरम सोमुन रोटीसाठी रांगा असतात. तोफेच्या आवाजासरशी काट्यांकडे पाहा. दोन्ही काटे बारावर एकमेकांवर आलेले दिसतील.

आपला,
एक वाचक, सांगली