डंडीहून बाबांना: कातडीच्या संशोधनाविषयी

डंडी, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र पोहोचले. गोऱ्यांच्या कातडीला होणाऱ्या कॅन्सरवर मी एवढी वर्षे का घालवावीत आणि त्याचा पगार नेमके कोण देते, हे दोन्ही प्रश्न फोनवर उरकण्यासारखे नव्हते, म्हणून सवडीने लिहीत आहे.

आधी पैशाचे सांगते. माझे काम धर्मादाय निधीवर चालते. इथे कॅन्सरसाठी पैसा जमवणाऱ्या मोठ्या संस्था आहेतच. शिवाय त्वचारोग आणि त्वचेचा कॅन्सर एवढ्याच कामाला वाहिलेली ब्रिटिश स्किन फाउंडेशनसारखी संस्थाही १९९६ पासून आहे. कोणी शर्यतीत धावून ओळखीपाळखीच्यांकडून वर्गणी गोळा करतो, कोणी मृत्युपत्रात रक्कम लिहून ठेवतो. अनुदानाच्या अर्जासोबत सामान्य माणसाला कळेल असा गोषवारा द्यावा लागतो, आणि खरे सांगायचे तर तेच पान लिहिताना माझा सर्वांत जास्त घाम निघतो. मिळालेल्या पैशांतला मोठा वाटा पगारांवर जातो, उरलेला पेशींना लागणाऱ्या पोषक द्रावावर, रसायनांवर आणि द्रवरूप नायट्रोजनवर. अनुदानाला मुदत असते, त्यामुळे अखेरचे वर्ष अर्धे प्रयोगांत आणि अर्धे पुढच्या अर्जाच्या विवंचनेत जाते.

आता प्रत्यक्ष काम. शस्त्रक्रियेत काढून टाकलेली निरोगी कातडी रुग्णाच्या लेखी संमतीने आमच्याकडे येते. एन्झाइमच्या द्रावणात ती रात्रभर थंडीत ठेवली की वरचा पातळ पदर खालच्या जाड थरापासून अलगद सुटतो. त्यातल्या पेशी ३७ अंश सेल्सिअसला वाढवायच्या. पण त्या एकट्या नीट वाढत नाहीत, त्यांना सोबत लागते. उंदराच्या, वाढ थांबवलेल्या पेशींच्या थरावर त्या जोमाने वाढतात, हे राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ मध्ये दाखवले आणि आम्ही अजूनही तीच वाट धरतो. पुढे त्यांचा थर द्रावाबाहेर, हवेच्या संपर्कात आणला की साधारण दोन आठवड्यांत बशीतच थरावर थर चढलेली, वरून टणक अशी कातडी तयार होते. त्या कातडीवर आम्ही उन्हात असतात तसे अतिनील किरण सोडतो. या किरणांनी डीएनएतली शेजारशेजारची अक्षरे एकमेकांना चिकटतात. पेशी तो बिघाड कापून काढते आणि नवी अक्षरे बसवते. ही दुरुस्ती जन्मतःच ज्यांच्यात होत नाही, त्या झीरोडर्मा पिगमेंटोसमच्या मुलांना कोवळ्या वयातच त्वचेचे कॅन्सर होतात. त्यामागचे हे कारण जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये उलगडले.

मला मात्र जास्त गुंतवून ठेवते ती उलट बाजू. केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी २०१५ मध्ये चार माणसांच्या पापण्यांची, दिसायला अगदी निरोगी असलेली कातडी तपासली, तेव्हा तिच्यातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या पेशींत कॅन्सरकडे ढकलणारे जनुकीय बदल आधीच झालेले आढळले. इतके होऊनही पापणी वर्षानुवर्षे धडधाकट राहते ती कशी, आणि एखादीच पेशी बेबंद का होते, हे कळले तर उपचाराची दिशा बदलेल. हा प्रश्न गोऱ्यांचा नाही, कातडीचा आहे.

तरीही तुमच्या प्रश्नात तथ्य आहे. पैसा त्या त्या देशातल्या रुग्णांच्या मागे जातो. याच डंडीत २००६ मध्ये फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष आणि इसब यांचा संबंध सिद्ध झाला, आणि इसब म्हणजे कातडीची तटबंदी ढिली पडणे हा विचार रुजला. पण युरोपीय लोकांत सर्रास सापडणारे ते दोष आशियातल्या लोकांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, तिथे वेगळे शोधावे लागतात. आपल्याकडे अशी नजर नव्हती असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्येच, कमरेला करकचून बांधलेल्या धोतराच्या काचाने होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली होती. काश्मिरात पोटाशी धरलेल्या कांगडीच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या छोट्या शेगडीच्या, धगीने होणारा कॅन्सर तर त्याच्याही आधीपासून माहीत आहे. यांत उन्हाचा संबंध नाही.

मेलॅनोमाचेही, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचेही, तसेच. इथे तो उन्हाने भाजलेल्या पाठीवर आणि पायांवर दिसतो; सावळ्या माणसांत तो एरवीच दुर्मीळ, पण होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. त्यातले जनुकीय बदल वेगळे असतात, आणि गेल्या काही वर्षांत इथल्या रुग्णांना जीवदान देणारी नवी औषधे त्यावर तुलनेने कमी चालतात. त्याचे नमुनेही प्रयोगशाळांत थोडे असतात. पुढच्या अर्जात मी हाच विषय मांडणार आहे. मंजूर होईलच असे नाही.

यावरून आठवले. आत्याच्या टाचेवरच्या ज्या काळ्या डागाला तुम्ही कुरूप म्हणता आणि जो वाढतो आहे असे आईने लिहिले आहे, तो कृपया त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, कुरुपाची पट्टी लावत बसू नका. तळपायावर बारीक रेषा असतात. काळा रंग त्यांच्या खाचांत असेल तर बहुधा काळजी नसते, उंचवट्यांवर असेल तर लक्ष घालावे लागते, ही खूण जपानी डॉक्टरांनी शोधून काढली आहे आणि डर्मोस्कोप या कातडी मोठी करून दाखवणाऱ्या साध्या भिंगाने ती दिसते. तुकडा काढायला सांगितले तर ‘सुई लागली की रोग पसरतो’ म्हणून आत्या नकार देईल. तसे होत नाही, हे तिला तुम्हीच समजावा, माझ्यापेक्षा ती तुमचे ऐकते. तपासणीचा कागद मिळाला की मला फोटो पाठवा.

सौ. आईस साष्टांग नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद.

आपली आज्ञाधारक,
मंजिरी