नवशिक्या डीजेची खरेदी कानापासून सुरू व्हावी

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डीजेइंग शिकू पाहणारी मुले यंत्रांची चौकशी करू लागतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा चॅनेल (एकेका गाण्याची आवाजाची स्वतंत्र वाट) किती, पॅड (बोटांनी दाबायच्या चौकोनी कळा) किती आणि इफेक्ट किती असा असतो. पालकांचा प्रश्न असतो तो एवढ्या बटणांचे करायचे काय, असा. ध्वनिसंयोजनाच्या कामात असल्यामुळे आणि नवशिक्यांना शिकवण्याचा योग वारंवार येत असल्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्याकडे सतत येतात. त्यांच्याही आधी विचारायला हवा असा एक प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. श्रोत्यांना एक गाणे ऐकू जात असताना पुढचे गाणे फक्त डीजेच्या कानात वाजवण्याची सोय या यंत्रात आहे का? खरेदीतली बहुतेक फसगत हा प्रश्न न विचारल्यामुळे होते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे आणि म्हणूनच हा पत्रप्रपंच.

डीजेचे मूळ काम काय, हे एकदा नीट पाहिले की या प्रश्नाचे महत्त्व पटते. एक गाणे चालू असताना दुसऱ्याचा वेग त्याच्याशी जुळवायचा, दोन्हींचे ठोके एकावर एक बसवायचे आणि मग श्रोत्यांच्या लक्षात न येता पहिल्यातून दुसऱ्यात जायचे, हे ते काम. मिनिटाला १२८ ठोके, म्हणजे १२८ बीपीएम, अशा गाण्यात दर ४६९ मिलिसेकंदांनी एक ठोका पडतो. आता एक गाणे १२८.० वर आणि दुसरे १२८.१ वर आहे असे समजू. आकड्यांत हा फरक नगण्य वाटतो, पण एका मिनिटात दोन्ही गाणी एकमेकांपासून सुमारे ४७ मिलिसेकंद सरकतात आणि एकसंध वाटणारा ठोका दुहेरी ऐकू येऊ लागतो. आणखी मिनिटभर तसेच चालू दिले तर हे अंतर ठोक्याच्या एक पंचमांशापर्यंत जाते आणि ताल फुटला आहे हे संगीताची जाण नसलेल्या माणसालाही कळते. हे सरकणे श्रोत्यांपर्यंत जाण्याआधी हेडफोनमध्ये पकडून, जॉग व्हीलला, म्हणजे यंत्रावरच्या फिरत्या चकतीला, हलका धक्का देऊन दुरुस्त करणे ही नवशिक्याने कमवायची पहिली विद्या आहे. दुसरे गाणे वेगळे ऐकण्याची सोय नसलेल्या यंत्रावर ती शिकताच येत नाही.

या सोयीला क्यू म्हणतात आणि तिच्यासाठी दोन स्वतंत्र स्टीरिओ आउटपुट असलेले साउंड कार्ड लागते. एक आउटपुट स्पीकरसाठी, दुसरे हेडफोनसाठी. साध्या लॅपटॉपला हेडफोनचे एकच आउटपुट असते. म्हणून डीजे कंट्रोलरमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरचे डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवण्याच्या यंत्रात, असे साउंड कार्ड आतच बसवलेले असते, परंतु अगदी लहान आणि स्वस्त कंट्रोलरमध्ये ते असेलच असे नाही. काही यंत्रे फक्त लॅपटॉपला आज्ञा पाठवतात, आवाज त्यांच्यातून जातच नाही. तेव्हा यंत्र हातात घेतले की आधी मास्टर आउट (स्पीकरकडे जाणारे आउटपुट) आणि हेडफोनचा वेगळा जॅक आहेत का ते पाहावे, दोन्हींच्या आवाजाची बटणे निरनिराळी आहेत का ते पाहावे आणि प्रत्येक चॅनेलवर क्यूचे बटण आहे याची खात्री करावी. फोनवर किंवा टॅबलेटवर सराव करणाऱ्यांसाठी एक स्प्लिटर केबल मिळते. ती एकाच आउटपुटचे दोन भाग करून एका बाजूला श्रोत्यांचा आणि दुसऱ्या बाजूला कानातला आवाज देते. मात्र त्यात दोन्ही आवाज मोनो होतात. चार दिवस गोडी लागते का हे बघण्यापुरती ती ठीक आहे.

कोणत्या प्रकारचे यंत्र घ्यावे, हा यानंतरचा प्रश्न. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे टर्नटेबल, म्हणजे ध्वनिमुद्रिका वाजवण्याचे यंत्र, १९७२ मध्ये आले, १९७९ च्या एमके२ या आवृत्तीत वेग अधिकउणे ८ टक्क्यांपर्यंत बदलणारी सरकती पट्टी आली आणि पुढची अनेक वर्षे डीजेचे टेबल म्हणजे दोन टर्नटेबल आणि मध्ये मिक्सर असेच समीकरण राहिले. २००१ मध्ये पायोनियरच्या सीडीजे-१००० ने ध्वनिमुद्रिका हाताने फिरवण्याचा अनुभव सीडीवर आणला. आजचा कंट्रोलर हा या दोन्हींचा वारसदार आहे. डावीकडे एक डेक, उजवीकडे दुसरा आणि मध्ये मिक्सर अशी तीच मांडणी एका सपाट पेटीत बसवलेली असते. त्यामुळे कंट्रोलरवर शिकलेला हात पुढे मोठ्या यंत्रांवर अडत नाही आणि सुरुवातीला दोन चॅनेलचा कंट्रोलर पुरतो, असे मी निःशंकपणे सांगतो. ध्वनिमुद्रिकांची ओढ मला पूर्ण कळते, पण त्या वाटेने जायचे तर दोन डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, कार्ट्रिज, सुया, फोनो इनपुट असलेला मिक्सर आणि मुद्रिकांचा संग्रह एवढे सगळे एकदम लागते. पट्ट्यावर फिरणारे टर्नटेबल या कामाला उपयोगी नाही, कारण हात लावून सोडल्यावर त्याची तबकडी पुन्हा वेग घ्यायला वेळ लावते. ज्याचे मन मुळात स्क्रॅचिंगवरच (मुद्रिका हाताने मागेपुढे फिरवून आवाज काढण्यावरच) आहे त्याने ही वाट जरूर धरावी. इतरांनी घाई करू नये.

कंट्रोलर निवडताना रंगीत दिव्यांपेक्षा मधल्या मिक्सरकडे अधिक लक्ष द्यावे. प्रत्येक चॅनेलला लो, मिड आणि हाय अशी ईक्यूची, म्हणजे आवाजाचा खालचा, मधला आणि वरचा भाग कमीजास्त करणारी, तीन बटणे आणि त्यांच्यावर गेनचे, म्हणजे गाण्याची मूळ पातळी ठरवणारे, स्वतंत्र बटण असायलाच हवे. गेन का, तर प्रत्येक गाणे वेगवेगळ्या पातळीवर ध्वनिमुद्रित झालेले असते. फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) दोन्हीकडे सारखे वर असले तरी एक गाणे अंगावर येते आणि दुसरे दबून राहते. ईक्यूचे महत्त्व त्याहून मोठे आहे. दोन गाण्यांचे ठोके अचूक बसलेले असतानाही दोघांचे बास एकाच वेळी चालू राहिले तर खालचा सगळा आवाज गढूळ होतो, शब्द बुडतात आणि पातळीचा दिवा लाल होतो. येणाऱ्या गाण्याचे लो बटण पूर्ण खाली ठेवून त्याला आत घ्यायचे, बत्तीस ठोक्यांचे आवर्तन पूर्ण होताच एका हाताने जुन्याचे लो खाली आणि दुसऱ्या हाताने नव्याचे लो वर फिरवायचे, ही अदलाबदल एकदा साधली की मिश्रण स्वच्छ होते. शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो आनंद दिसतो, तो कोणत्याही इफेक्टच्या बटणाने मिळत नाही. टेम्पोची सरकती पट्टी शक्य तितकी लांब असावी, कारण आखूड पट्टीवर बोट जरासे सरकले तरी वेग हवा त्यापेक्षा जास्त बदलतो. वेग बदलल्यावर स्वर चढू नये यासाठी की लॉकची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. तिच्याविना साधारण ६ टक्के वेग वाढवला की गाणे अर्ध्या स्वराने वर जाते. पॅड आणि इफेक्ट जे मिळतील ते चालतील.

सॉफ्टवेअरची निवड यंत्राबरोबरच होते, हे अनेकांना खरेदी झाल्यावर कळते. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर आणि व्हर्च्युअल डीजे ही प्रचलित नावे असून कोणता कंट्रोलर कशाबरोबर चालतो हे आधीच ठरलेले असते. यंत्राबरोबर मिळणारी आवृत्ती पूर्ण आहे की मर्यादित, पूर्ण आवृत्तीसाठी एकदाच पैसे भरायचे की दरमहा आणि केलेले मिश्रण ध्वनिमुद्रित करता येते की नाही, हे तीन मुद्दे विक्रेत्याला विचारून घ्यावेत. यांतल्या तिसऱ्यावर माझा विशेष भर आहे. वाजवताना मन हातांत गुंतलेले असते. तेच मिश्रण दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकले की ठोका कुठे सरकला आणि आवाज कुठे उगाच चढला हे न सांगता समजते. ज्यांना पैसे घालण्याआधी चाचपणी करायची आहे त्यांच्यासाठी मिक्स (Mixxx) हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि कीबोर्ड-माउसवरही वापरता येते.

सिंक या बटणाबद्दल नवशिक्यांना बरेच टोचून बोलले जाते. वेग आपोआप जुळवणारे हे बटण वापरण्यात लाज वाटण्याचे कारण नाही, परंतु त्याच्यावर सर्वस्वी विसंबूही नये. जिवंत तालवाद्यांवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांचा वेग एकाच गाण्यात कमीजास्त होत राहतो, सॉफ्टवेअरने आखलेली ठोक्यांची जाळी तेथे चुकते आणि मग कानाशिवाय दुसरा आधार उरत नाही.

हेडफोनवर काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बंद कपाचे, बाहेरचा आवाज चांगला अडवणारे, वायरचे आणि एका कानावरून सहज बाजूला सरकवता येणारे हेडफोन घ्यावेत. केबल आणि गाद्या बदलता येत असतील तर फारच उत्तम. सेनहायझर एचडी २५ हे मॉडेल इतकी वर्षे डीजेंच्या गळ्यात दिसते, त्याचे एक मोठे कारण त्याचे जवळजवळ सगळे भाग सुटे मिळतात हे आहे. आवाज नीट अडवला जात असेल तर हेडफोन मोठ्याने लावावा लागत नाही, आणि हा केवळ सोयीचा मुद्दा नाही. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला जास्तीत जास्त ८ तास ऐकावा आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी धरावी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे उरतात. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. मुलाला किंवा मुलीला कंट्रोलर घेऊन देणाऱ्या पालकांनी त्याच खरेदीत कानात घालायचे संगीतकारांसाठीचे इअरप्लग जरूर घ्यावेत.

स्पीकरच्या बाबतीत एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे की ती लिहिल्यावाचून राहवत नाही. घरात ब्लूटूथ स्पीकर असतोच, म्हणून कंट्रोलर चालवणारा लॅपटॉप त्यालाच जोडला जातो. शिकणारी मुलगी हेडफोनमध्ये मोजून बरोबर पहिल्या ठोक्यावर प्लेचे बटण दाबते, हात अचूक असतो, आणि गाणे मात्र स्पीकरमधून रेंगाळत येते. ती पुन्हा प्रयत्न करते, या वेळी थोडे आधी दाबते, मग कानातला ताल चुकतो. चारपाच वेळा असे झाले की आपल्याला तालच कळत नाही असा तिचा समज होतो. दोष तिचा नसतो. ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला अनेकदा १०० ते २०० मिलिसेकंद लागतात आणि १२८ बीपीएमच्या गाण्यात २०० मिलिसेकंद म्हणजे जवळपास अर्धा ठोका होतो. त्याच स्पीकरला ऑक्स इनपुट असेल तर कंट्रोलरच्या मास्टर आउटमधून वायर जोडताच हा घोळ बहुधा तिथल्या तिथे मिटतो. नवे स्पीकर घ्यायचेच असतील तर पाच इंची वूफरचे, आत अॅम्प्लिफायर असलेले दोन लहान मॉनिटर खोलीला भरपूर होतात. वॅटचे मोठमोठे आकडे वाचून भारावून जाऊ नये.

लॅपटॉप नवाकोरा नसला तरी चालतो. एसएसडी असावी, वाजवताना वीजबचतीची व्यवस्था बंद ठेवावी आणि आवाज अडखळत असेल तर बफर (वाजण्याआधी आवाज साठवून ठेवण्याची जागा) थोडा वाढवावा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंदांचा विलंब, तो हाताला फारसा जाणवत नाही. गाणी रीतसर विकत घेतलेली आणि निदान ३२० केबीपीएसची असावीत.

जुने यंत्र घेण्यात काहीच गैर नाही, किंबहुना मी अनेकांना तेच सुचवतो, परंतु ते जोडून, वाजवून आणि हेडफोन लावूनच घ्यावे. क्रॉसफेडर (एका गाण्यातून दुसऱ्यात नेणारी आडवी सरकती पट्टी) पूर्ण एका टोकाला नेल्यावर दुसऱ्या बाजूचे गाणे बारीक झिरपते का, गेन आणि ईक्यूची बटणे फिरवताना खरखर येते का, यूएसबीचे तोंड ढिले झाले आहे का, हे पाहायला काही मिनिटे पुरतात. ड्रायव्हरची, म्हणजे लॅपटॉपला यंत्र ओळखू देणाऱ्या सॉफ्टवेअरची, बाब तेवढीच महत्त्वाची असून ती दुर्लक्षित राहते. उत्पादकाने एखाद्या मॉडेलसाठी ड्रायव्हर देणे थांबवले की नव्या कार्यप्रणालीवर उत्तम स्थितीतले यंत्रही निरुपयोगी ठरू शकते. घेण्यापूर्वी उत्पादकाच्या संकेतस्थळावर आपल्या लॅपटॉपच्या कार्यप्रणालीचे नाव त्या मॉडेलसमोर आहे का, हे वाचून घ्यावे.

आपल्या वृत्तपत्रात नव्या उपकरणांची ओळख करून दिली जाते आणि घराघरांत ती विश्वासाने वाचली जाते. संगीताच्या यंत्रांविषयी लिहिताना पॅडच्या आणि इफेक्टच्या संख्येबरोबर यंत्रात साउंड कार्ड आहे का, सोबतच्या सॉफ्टवेअरला ध्वनिमुद्रणाची मुभा आहे का आणि ड्रायव्हर कोणत्या कार्यप्रणालींसाठी मिळतो, एवढी माहितीही द्यावी, अशी माझी विनंती आहे. विक्रीच्या खोक्यांवर ती शोधून सापडत नाही आणि पहिल्यांदाच खरेदी करणाऱ्याला ती कोणाकडे मागावी हेही ठाऊक नसते.

कळावे,
आपला नम्र,
ध्वनिसंयोजनाच्या क्षेत्रातील एक वाचक