पाटीवर १६११, हातात १७६९

महोदय,

अमेरिकेतील बाप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळ्यांच्या (चर्चच्या) फुटीवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखकाने सगळे खापर राजकारणावर फोडले आहे आणि बायबलच्या भाषांतरावरून होणारे तंटे 'किरकोळ' म्हणून एका ओळीत उडवून लावले आहेत. मी ख्रिस्ती आहे, हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली आणि लेक टेनेसीत असते. त्यामुळे गप्प बसवत नाही.

तिकडच्या काही बाप्टिस्ट चर्चच्या पाटीवर नावाखाली 'केजेव्ही १६११' असे ठळक लिहिलेले असते. म्हणजे इंग्लंडचा राजा जेम्स याच्या आज्ञेने झालेले, १६११ मध्ये छापलेले 'किंग जेम्स' हे इंग्रजी भाषांतरच इथे चालेल, दुसरे आणू नका. लेकीच्या शेजारचे एक आजोबा वाडवडिलांपासूनची मंडळी सोडून अशा चर्चमध्ये जाऊ लागले, कारण नव्या पाळकाने बाकांवर 'न्यू इंटरनॅशनल' हे आधुनिक इंग्रजी भाषांतर ठेवले. त्यांनी दोन्ही पुस्तके टेबलावर उघडून मला नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा आठवा अध्याय दाखवला. नव्यात ३६ नंतर एकदम ३८. सदतिसावे वचन खाली, तळटिपेत.

ते वचन साधेसुधे नाही. कूश देशाचा एक अधिकारी सुवार्तिक फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा (पाण्याने होणारी दीक्षा) घ्यायला काय हरकत आहे? ३७ मध्ये उत्तर आहे : मनापासून विश्वास असेल तर हरकत नाही. आधी विश्वास, मग पाणी, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा नाही, हा तर बाप्टिस्टांचा पायाच. नेमके तेच वचन गळालेले पाहून म्हाताऱ्याच्या पोटात गोळा आला, यात मला हसण्यासारखे काही दिसत नाही.

मात्र सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते वचन नाहीच. १५१६ मध्ये इरॅस्मस या डच विद्वानाने ग्रीक नवा करार छापला तेव्हा एका हस्तलिखिताच्या समासातून त्याने ते उचलून आत घेतले. नकलकारांच्या हयगयीने गळाले असावे, असा त्याचा कयास. (समासातला मजकूर आत घ्यायचा की नाही, यावरून आम्हीही लेखकांशी भांडलो आहोत.) १८८१ च्या सुधारित इंग्रजी नव्या कराराने ते पुन्हा बाहेर काढले. पुढे १९५२ च्या 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड' या इंग्रजी बायबलवरून तर नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉकी माउंटच्या एका बाप्टिस्ट पाळकाने, 'कुमारी'ऐवजी 'तरुण स्त्री' छापले म्हणून, यशयाच्या ग्रंथाचे पानच जाळले. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाचे बाप्टिस्ट पाळक पीटर रकमन त्याच्याही पुढे गेले. त्यांची शिकवण अशी की ग्रीक आणि किंग जेम्सचे इंग्रजी जुळले नाही तर इंग्रजी खरे! मग केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी फुकटच डोळे शिणवले म्हणायचे.

आता छपाईचे. आज '१६११' म्हणून सर्रास विकले जाते ते १७६९ मध्ये ऑक्सफर्डला बेंजामिन ब्लेनी यांनी दुरुस्त केलेले पुस्तक. मूळ १६११ च्या प्रतीत अपॉक्रिफाचे (जुन्या कराराला जोडलेले, पण प्रोटेस्टंट प्रमाण न मानणारे) ग्रंथही होते, जे बाप्टिस्ट मानत नाहीत. १६३१ च्या एका आवृत्तीत दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेतला 'नको' गळाला आणि 'व्यभिचार कर' असे छापले गेले. मुद्रकांना ३०० पौंड दंड झाला. खुद्द १६११ च्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेत लिहिले आहे की अगदी सामान्य इंग्रजी भाषांतरही देवाचेच वचन होय.

तरीही हे तंटे मिटत नाहीत, त्याचे कारण बाप्टिस्टांच्या घडणीत आहे. वर बिशप नाही, प्रत्येक मंडळी स्वतंत्र. निवाडा करणारा कोणीच नाही म्हटल्यावर सभासदांचे मतदान होते आणि हरलेले चार मैलांवर दुसरी पाटी लावतात. राजकारण आहेच, पण त्यावरून या पाट्या लागत नाहीत.

एक दुरुस्ती मात्र अवश्य छापावी. लेखात किंग जेम्स बायबलला 'बाप्टिस्टांचे मूळ बायबल' म्हटले आहे. ते राजाज्ञेने, चर्च ऑफ इंग्लंडच्या विद्वानांनी केले. त्याच सुमारास लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी करणारे थॉमस हेल्विस यांनी, प्रजेच्या श्रद्धेवर राजाची सत्ता चालत नाही, असे किंग जेम्सलाच लिहून कळवले होते. त्यांना न्यूगेटच्या तुरुंगात टाकण्यात आले आणि ते तिथेच वारले.

– एक निवृत्त मुद्रितशोधक, सोलापूर